अक्षरी एकोणपन्नास

माणसं वय लपवण्यासाठी भांडतात. माझी आत्या वय मिळवण्यासाठी भांडली. तिला म्हातारी व्हायचं होतं, तेही कागदोपत्री, सही-शिक्क्यासकट. आणि अख्खं रुग्णालय तिला तरुण ठेवायच्या मागे लागलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. गावातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तिने हयात घालवली आणि शेवटची बरीच वर्षं ती तिथली मुकादम होती. धुलाईघर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. आत शिरलं की वाफेने चष्मा आंधळा व्हायचा. वॉर्डांतून चादरींचे गठ्ठे यायचे ते आधी जमिनीवर पसरून निवडायचे, रक्ताच्या चादरी वेगळ्या काढायच्या आणि गार पाण्यात बुडवायच्या. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. एखादी नवी बाई घाईघाईने गरम नळ सोडायची. आत्या तिच्यावर ओरडत नसे. येऊन नळ बंद करायची आणि तीच चादर दिवसभर त्या बाईच्या हातात द्यायची, घास म्हणायची. पुन्हा कुणी गरम नळाला हात लावत नसे. 'बाकीच्यांचा राग नाकावर असतो, आपल्या मुकादमबाईंचा मुठीत असतो,' असं तिथल्या बायका म्हणायच्या.

साठाव्या वर्षी निवृत्ती, असा तिथला नियम. आत्याचे गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. जिना उतरताना ती एकेका पायरीशी वाद घालायची. त्या वर्षी तिने सगळ्यांना सांगून ठेवलं की आता मी सुटणार, सकाळी ऊन खिडकीत येईपर्यंत झोपणार, आणि माझ्या चादरी दुसरं कुणीतरी धुणार. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पहिल्या मजल्यावरच्या आस्थापना शाखेत गेली, शेवटचा दिवस नेमका कोणता ते विचारायला.

हेडक्लार्कने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हसून म्हणाला, "मावशी, एवढ्यात कुठं निघालात? तुमची अजून दहा वर्षं आहेत."

आत्याला वाटलं चेष्टा करतोय. त्याने कपाटातून तिचं सेवापुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडून पुढे केलं. जन्मवर्ष आकडी : १९४९. त्याच्याच शेजारी जन्मवर्ष अक्षरी, इंग्रजीत, वळणदार अक्षरांत : नाइन्टीन फिफ्टी नाइन.

इथंच घोडं पेंड खात होतं. कसं ते मी सांगते, कारण मी शाळेत पाचवीला शिकवते आणि हा रोग मला रोज दिसतो. इंग्रजीत आकडा जसा दिसतो तसा बोलतात, आधी दशक, मग एकक. चार आणि नऊ, फॉर्टी नाइन. आपण एकोणपन्नास म्हणतो. म्हणजे एक कमी पन्नास. आकडा चाळिशीतला, पण तोंडात नाव पन्नासाचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं एकोणतीस ऐकलं की बिनधास्त थर्टी नाइन लिहितात. तीस ऐकू आले, थर्टी झाले. एकोण असलं की शेवटी नऊ असतो हे पाठ आहे, म्हणून नाइन. झाला हिशोब. वही मुलांची असेल तर मी लाल गोल करते आणि विषय संपतो.

आत्या नोकरीला लागली तेव्हा टेबलामागे जो कोणी कारकून होता, त्याने साल विचारलं. आत्या म्हणाली, एकोणीसशे एकोणपन्नास. आकडा त्याच्या हाताने आपोआप बरोबर लिहिला. अक्षरी लिहायला इंग्रजीत जावं लागलं, तिथं त्याला पन्नास ऐकू आले. त्या पुस्तकात लाल गोल करणारं कुणी नव्हतं. पुढे कॉम्प्युटर आला. सगळ्यांच्या तारखा भरायच्या होत्या, आणि आकडी व अक्षरी यांत फरक असेल तर अक्षरी खरं धरायचं असा नियम होता. का, तर आकड्यात खाडाखोड होते, एकाचे सात करता येतात, अक्षरांना तसं करता येत नाही. भरणाऱ्याने अक्षरांचे परत आकडे केले. असं आत्याचं साल मराठीतून इंग्रजीत गेलं आणि इंग्रजीतून आकड्यात परत आलं ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

बातमी तळमजल्यावर तिच्या आधी पोचली. बायकांनी हातातल्या चादरी टाकल्या. कुणी म्हणे, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. कुणी म्हणे, माझ्याही वेळी तोच कारकून असता तर. इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी तिची जुनी मैत्रीण तेवढी म्हणाली, "अगं, पण तुझे गुडघे?" आत्याने संध्याकाळपर्यंत काम केलं आणि ती घरी आली.

बाबांना हे कळल्यावर त्यांनी जे करायला नको तेच केलं. आमचे बाबा थट्टेखोर माणूस. जेवताना बोटांवर मोजायला लागले. "थांब हं. माझं साल पंचावन्न. तुझं झालं एकोणसाठ. म्हणजे मी तुझ्याहून मोठा की. बघ, इतकी वर्षं ताई ताई करत तुझं ऐकलं. आता उद्यापासून मला दादा म्हणायचं आणि वाढताना आधी मला वाढायचं."

आई हसली. मीही हसले. आत्याने हातातला घास ताटात ठेवला.

"आई गेली तेव्हा तू केवढा होतास?" तिने विचारलं.

"दोन वर्षांचा. तूच सांगतेस ना."

"मी आठ वर्षांची होते. सत्तावन्न साली गेली ती. आणि मी जन्मले एकोणसाठ साली. म्हणजे आई मेल्यावर दोन वर्षांनी मी तिच्या पोटी आले. कर आता थट्टा."

आत्याचा आवाज चढला नव्हता, पण ताटाशेजारची तिची मूठ वळली होती.

"मला दहा वर्षं जास्त मिळाली म्हणून सगळ्या नाचतायत," ती म्हणाली. "मिळाली कुठं? पुढे दिली ती मागून काढून घेऊन. आणि मागची कुठली काढली, तर नेमकी आईची. मला आई आठ वर्षं होती. त्यानंतर तुला कडेवर घेऊन मीच फिरले, ते कुणी पुसलं तरी मी सोडून देईन. तुझ्यावर उपकार म्हणून केलं नव्हतं. पण ती आठ वर्षं मी कुणाला देणार नाही. पगार देतो म्हटलं तरी नाही."

मी तेव्हा मनात म्हटलं की ही दोन दिवसांत शांत होईल. इतकी वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहून मला तिची एवढीच ओळख होती, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. शाळेतून तिचं नाव दुसरीतच काढलं होतं, आणि ती शाळाही पुढे बंद पडली, त्यामुळे तिथून दाखला वगैरे मिळायची सोय नव्हती. मराठी वाचायची ती. इंग्रजी नाही.

"मला एकोणपन्नास शिकव. इंग्रजीत, अक्षरी."

"अर्ज मी लिहून देते की."

"इंग्रजीत बिघडलंय, इंग्रजीतच दुरुस्त करायचं. आणि माझ्या हातानं. दुसऱ्याच्या हातानं लिहिलं की काय होतं ते बघितलं."

मी शिकवलं. फोर आधी शिकवला, म्हणजे ओळखीतून पुढे जाता येईल, हा माझा मास्तरकीचा शहाणपणा. त्याचा परिणाम असा झाला की तिने फॉर्टीमध्येही यू घातला. मी खोडला. तिने पुन्हा घातला.

"चारात यू आहे ना?"

"आहे."

"चौदात?"

"आहे."

"मग चाळिसातला कुणी खाल्ला?"

"आत्या, तो नसतो. तसा नियम आहे."

"नियमानं खाल्लेलं मला आता नवं नाही," ती म्हणाली आणि यू न घालता पान भरून लिहिलं. तिची अक्षरं मोठी, एकमेकांपासून फटकून उभी राहायची. नाइनमधला शेवटचा ई ती असा दाबून काढायची की मागच्या पानावरही तो उठायचा.

अर्ज घेऊन आम्ही दोघी प्रशासन अधिकाऱ्याकडे गेलो. तरुण माणूस होता, वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर फायलींचे दोन ढीग आणि मध्ये जेमतेम कोपर टेकण्याएवढी जागा. त्याने अर्ज वाचला, सेवापुस्तक पाहिलं आणि आधी प्रेमाने समजावलं. मावशी, नुकसान तुमचंच आहे. लोक तारीख पुढे नेण्यासाठी खोटे दाखले आणतात आणि तुम्हाला आयती मिळालीय. मग प्रेम कामाला येत नाही असं दिसल्यावर त्याने नियम काढला.

"सेवेच्या शेवटच्या पाच वर्षांत जन्मतारीख बदलता येत नाही. तुम्ही तर निवृत्तीला आलात."

"आले ना? मग करा निवृत्त," आत्या म्हणाली.

"तसं नाही. नोंदीप्रमाणे तुमची दहा वर्षं आहेत."

"दहा आहेत? मग पाचाचा नियम मला कसा लागतो? घ्या अर्ज."

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघायला लागले. तो हसला, खरंच हसला, आणि अर्जावर आवक शिक्का मारला. पण शिक्का मारला म्हणजे काम झालं असं नाही. त्याने पुरावा मागितला. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, मोठं कुणी हयात नाही. घरातलं धाकटं कोण आहे, तर भाऊ, तोही तेव्हा दोन वर्षांचा.

"वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं?" त्याने विचारलं.

"हो. आई गेल्यावर पुढच्या साली."

"मग बघा." त्याने पेन खाली ठेवलं. "अक्षरी तारीख घेतली तरी अडत काहीच नाही. तुम्ही दुसऱ्या आईच्या असू शकता."

त्याने ते सहज म्हटलं, आकडेमोड जुळली की माणूस जसं म्हणतो तसं. सावत्र आजी काही वाईट बाई नव्हती. तिने दोघांना उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. आत्यानेच तिला शेवटी न्हाऊ-माखू घातलं होतं. पण आत्या तिला कधी आई म्हणाली नाही, 'बाई' म्हणाली, आणि त्यावरून लहानपणी वडिलांच्या हातचे फटके खाल्ले तरी बाईच म्हणाली.

आत्या उठून उभी राहिली. गुडघ्याला हात न लावता.

"साहेब, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज तुम्ही माझी दहा वर्षं खाल्लीत, आणि जागा रिकामी दिसली म्हणून तिथं दुसरी आई आणून बसवलीत. मी दुसऱ्या आईची नाही. मी पहिलीची आहे. भाऊ उद्या येईल आणि शपथेवर सांगेल. त्याला विचारा काय विचारायचं ते."

बाबांना हे घरी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण. मी काय सांगणार? मला काही आठवतच नाही." आत्या म्हणाली, "आठवत नाही तेच सांग." आणि आत जाऊन झोपली. बाबा मात्र बराच वेळ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. त्यांना भीती कशाची होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्या तोंडून चुकीचं काही गेलं आणि त्यावर ताईची आई गेली, तर?

ते स्वच्छ शर्ट घालून आले. साहेबाच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसले. सुरुवातीला एक-दोन विनोद करून पाहिले. साहेबाने नाव विचारलं, नातं विचारलं. बाबा म्हणाले, धाकटा भाऊ. साहेबाने लिहून घेतलं.

"तुम्हाला तुमची आई आठवते?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मी दोन वर्षांचा होतो."

"मग या तुमच्या आधी, त्याच आईच्या पोटी जन्मल्या, हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्ही पाहिलेलं नाही. वडिलांनी सांगितलं होतं?"

"वडील आईचं नाव काढायचे नाहीत. बाईला वाईट वाटेल म्हणून."

"मग?"

शेजारच्या टेबलावरच्या बाईने टायपिंग थांबवलं. आत्या बाबांकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर वाळत घातलेल्या हिरव्या पडद्यांकडे बघत होती.

"साहेब, आमच्याकडे आईचा फोटो नाही," बाबा म्हणाले. "एकसुद्धा नाही. पण ती डाव्या हातानं भाकरी थापायची, ते मला माहीत आहे. तिला पाण्याची भीती वाटायची. हसताना ती तोंडावर पदर धरायची, कारण पुढचा एक दात किडका होता. मला झोपवताना ती पाठीवर थापटायची नाही, कानाची पाळी चोळायची. हे मी कुठं पाहिलं? मला हिनं सांगितलं. मी विचारायचो आणि ही सांगायची, चादरी निवडत निवडत, भांडी घासत घासत, कितीदा तरी. आमची आई बघितलेलं जगात आता एकच माणूस शिल्लक आहे." त्यांनी आत्याकडे बोट केलं. "हिला तुम्ही एकोणसाठ साली जन्माला घातलंत तर हिनं आईला बघितलंच नाही. मग तो दात खोटा, ती भाकरी खोटी. मग मलाही आई नव्हती, साहेब. तुमच्या नोंदीत असेल. मला नव्हती."

साहेबाने यातलं किती लिहून घेतलं ते मला दिसलं नाही. तो बराच वेळ लिहीत होता एवढं खरं. मग त्याने हेडक्लार्कला बोलावलं आणि सांगितलं की आकडी नोंद मूळची आहे, त्याच शाईत आहे, खाडाखोड नाही. अक्षरी नोंद भाषांतरातली चूक धरायची. भावाचा जबाब सोबत जोडायचा. त्याने हे कोणत्या नियमात बसवलं ते मी विचारलं नाही. बसवायचं म्हटलं की बसतं, आणि नाही म्हटलं की माणूस जन्मायचाच राहतो, हे मला त्या खोलीत कळलं.

"मावशी, एकदा शेवटचं विचारतो," साहेब म्हणाला. "यावर सही झाली की तुम्ही या महिन्यात घरी. दहा वर्षांचा पगार सोडताय."

"सोडत नाही. माझं घेऊन जातेय."

हेडक्लार्कने सेवापुस्तक उघडलं, चुकलेल्या अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि नवी लिहायला पेन टेकवलं. आत्याने ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मान हलवली. आत्या टेबलावर वाकली आणि आपल्या मोठ्या, फटकून उभ्या अक्षरांत लिहायला लागली. नाइन्टीन. मग फॉर्टी, त्यात यू नाही. मग नाइन. शेवटचा ई तिने नेहमीसारखा दाबून काढला. बाबा तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

आम्हाला वाटलं झालं. मी पर्स उचलली. पण आत्या निघेना. हेडक्लार्कच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"आता हे यंत्रात भरा."

"भरतो मावशी, दुपारनंतर. तुम्ही जा निवांत."

"दुपारनंतर नाही. मागच्या वेळी मी नव्हते तिथं, आणि अक्षरांचे आकडे करताना मला दुसऱ्याच घरी जन्माला घातलंत."

"बरं, निदान बसा तरी. गुडघे दुखत असतील."

"बसेन की. आता बसायचंच वय आहे माझं," आत्या म्हणाली. "आधी चार दाबा."

त्याने चार दाबला. मग नऊ.